चौसष्ट किलोमीटरचा आठवडा

'मायलेज' हा शब्द आपण गाडीसाठीसुद्धा फारसा वापरत नाही. आपण विचारतो, गाडी ॲव्हरेज किती देते? पळणाऱ्या लोकांच्या बोलण्यात मात्र मायलेज म्हणजे सोमवार ते रविवार पायांखालून गेलेले एकूण किलोमीटर. 'सध्या किती चाललंय?' असं एका रनरनं दुसऱ्याला विचारलं, की उत्तर आठवड्याच्या आकड्यात येतं. 'पन्नास.' 'पस्तीसच, गुडघा कुरकुरतोय.' 'सत्तर.' सत्तर म्हणणाऱ्याकडे लोक जरा वळून बघतात.

जुलैमध्ये माझा आकडा २८ होता. जानेवारीत मुंबईला माझी पहिली फुल मॅरेथॉन आहे, ४२.१९५ किलोमीटर. त्याआधी एकदा तरी हा आकडा साठच्या पुढे न्यायचा होता. मी साताऱ्यात राहते, एका पतसंस्थेत काम करते. मुलगा पहिलीत आहे. नवरा शिरवळच्या एका कारखान्यात तीन शिफ्टमध्ये काम करतो. सासूबाई आमच्याबरोबर असतात. ही सगळी माहिती सुरुवातीलाच देते, कारण यातली प्रत्येक गोष्ट माझ्या मायलेजमध्ये धरावी लागते. इंटरनेटवरच्या कुठल्याही ट्रेनिंग प्लॅनमध्ये तिच्यासाठी रकाना नसतो.

आधी हे सांगते की आठवड्याचा आकडा इतका महत्त्वाचा का. मॅरेथॉनची तयारी म्हटलं की सगळ्यांना रविवारची लाँग रन दिसते. फोटोही तिचेच निघतात. पण शरीर घडतं ते उरलेल्या दिवसांत. स्नायूंमध्ये साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. त्यापुढे जायचं तर शरीराला चरबी जास्त जाळून साखर पुरवून वापरायची सवय हवी. ती सवय मंगळवारच्या आठ आणि गुरुवारच्या दहा किलोमीटरमधून लागते, तेही हळू पळलेल्या. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. हे एका रविवारी होत नाही, महिन्यांनी होतं.

ही कल्पना जगभर नेणाऱ्यांमध्ये न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्डचं नाव पहिलं घेतात. ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस स्वतःवरच प्रयोग करत राहिला आणि त्यातून आठवड्याला १०० मैलांवर, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरवर, येऊन थांबला. मग गल्लीतल्या पोरांनाही त्यानं तेच पळायला लावलं. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन पोरांनी एकाच दिवशी सुवर्ण मिळवलं. पीटर स्नेलनं ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गनं ५००० मीटरमध्ये. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी आठवड्याला १६० किलोमीटर! तेव्हापासून 'आधी पाया, मग वेग' हे जवळपास सगळे कोच सांगतात.

पाया घालायचा तर किती वेगानं? इथे १० टक्क्यांचा नियम येतो. मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, असं प्रत्येक ॲप आणि प्रत्येक काका सांगतो. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथं झालेल्या एका अभ्यासात ५०० हून जास्त नवशिक्या रनर्सचे दोन गट केले. एकाला १३ आठवडे हळूहळू वाढणारा प्लॅन दिला, दुसऱ्याला ८ आठवड्यांचा नेहमीचा. दुखापती दोन्ही गटांत जवळपास सारख्याच झाल्या, पाचात साधारण एकाला. म्हणजे दहाच्या आकड्यात जादू नाही. त्यामागची भीती मात्र खरी आहे. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. नवा भार आला की हाड आधी जुना भाग थोडा खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. मधल्या काही आठवड्यांत ते आधीपेक्षा किंचित कच्चं असतं. नेमकं त्याच काळात आपल्याला वाटत असतं की आता आपण भारी पळतोय. म्हणून प्लॅनमध्ये दोन-तीन चढत्या आठवड्यांनंतर एक उतरता आठवडा ठेवतात.

माझ्याकडे हा उतरता आठवडा आयता होता. तो कारखान्यानं दिला होता.

नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. सेकंड शिफ्टला तो दुपारी निघतो, त्यामुळे सकाळी घरी असतो. माझ्यासाठी हा सगळ्यात श्रीमंत आठवडा. थर्ड शिफ्टला तो सकाळी आठनंतर येतो, पण मुलगा आजीजवळ झोपलेला असतो आणि पाच ते साडेसहा मला मिळतात. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो सव्वापाचला कंपनीची बस पकडतो. चार वाजता कणीक मळायची, त्याचा डबा, मग मुलाचा डबा, मग पाणी, मग शाळा. त्या आठवड्यात सकाळचं पळणं नाही. संध्याकाळी ऑफिसमधून सुटून क्रीडा संकुलाच्या ट्रॅकवर मिळतील तेवढ्या फेऱ्या आणि रविवार. दोन आठवडे चढ, एक उतार. २८, ३१, २२. ३४, ३७, २६. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या लिटरांखाली मी हे आकडे लिहीत गेले आणि सप्टेंबरपर्यंत ते ४८ वर पोचले. साताऱ्याची हिल मॅरेथॉन झाली, यवतेश्वरचा घाट चढून आणि उतरून एकवीस किलोमीटर. पाय शाबूत राहिले. शिफ्टचा तक्ता बनवणाऱ्याला कल्पनाही नसेल की तो माझा कोच आहे.

किलोमीटरला वेळ लागतो तसा रस्ताही लागतो. डिसेंबरात साताऱ्यात सूर्य उगवायला सात वाजतात. साडेसहापर्यंत अंधारच. आमच्या ग्रुपमधले पुरुष पाचला हेडलाइट लावून घाटाकडे निघतात. मी आठवड्याच्या मधल्या दिवसांत एकटी असते, आणि एकट्या बाईच्या वाट्याला अंधारात जेवढा रस्ता येतो, तेवढ्यावर पळते. मी मोजलाय, तो १.६ किलोमीटर आहे. एका टोकाला पेपरचे गठ्ठे सोडणारी मुलं, मध्ये दुधाचे टेम्पो, दुसऱ्या टोकाला चहाची टपरी. या तीन उजेडांच्या मधला पट्टा. दहा किलोमीटर म्हणजे सव्वासहा फेऱ्या. एक बाइकवाला काही दिवस रोज माझ्याजवळ आला की गाडी हळू करायचा. टपरीवाल्या काकांनी एकदा त्याला हाक मारून 'चहा घेणार का?' असं विचारलं. त्यानंतर तो दिसला नाही. त्या दिवसापासून मी टपरीसमोरून जाताना हात वर करते आणि काका फेरीचा आकडा मोठ्यानं सांगतात. त्यांचं मोजणं कधीकधी माझ्या घड्याळापेक्षा बरोबर असतं.

हळू पळायचं म्हणजे किती हळू, याला साधी कसोटी आहे. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटीनं वाक्य कुणाशी बोलणार? मी पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा धाप न लागता शेवटपर्यंत गेला, तर वेग बरोबर. अडखळले तर वेग जास्त आहे, किंवा पाढा विसरलेय.

ऑक्टोबरमध्ये पाढा अडखळायला लागला. वेग तोच, रस्ता तोच, पण धाप लागत होती. किलोमीटरमागे मिनिटभर जास्त जात होतं, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. मी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन १०.२, फेरिटिन ८. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, माझ्या बुटांवर टाकली आणि म्हणाले, 'बाई माणसानं एवढं पळायचंच कशाला? बंद करा, आपोआप वाढेल.'

'एवढं पळायचंच कशाला' हे वाक्य जुनं आहे. १९२८ मध्ये ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. शर्यतीनंतर बायका दमलेल्या दिसल्या म्हणून गहजब झाला आणि ती शर्यत १९६० पर्यंत पुन्हा झाली नाही. दमलेले पुरुष तर दर शर्यतीनंतर दिसायचे. १९६७ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये नंबर लावून पळणाऱ्या कॅथरीन स्विट्झरच्या अंगावर एक अधिकारी धावून गेला आणि तिचा नंबर ओढून काढायला लागला. १९८० च्या ऑलिंपिकपर्यंत बायकांना ट्रॅकवर जास्तीत जास्त १५०० मीटर पळता येत होतं. त्यापुढचं अंतर त्यांच्या शरीराला झेपणार नाही, अशी समजूत होती. १९८४ मध्ये लॉस एंजलिसला एकदम मॅरेथॉन आली आणि जोन बेनॉइटनं ती जिंकली. माझ्या आईच्या लग्नाच्या वेळी बायकांची ऑलिंपिक मॅरेथॉन नव्हती, इतकं हे अलीकडचं आहे.

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आधी विचारलं, 'जेवता कधी?' मी म्हटलं, रात्री साडेनऊला. 'आणि घरातले?' मी गप्प राहिले. त्या म्हणाल्या, 'कळलं.' २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यातल्या बहुतेक जणी मॅरेथॉन पळत नसाव्यात. माझ्या बाबतीत पळण्यानं फक्त हिशेब उघडा पाडला. पाऊल जमिनीवर आपटताना थोड्या तांबड्या पेशी फुटतात, घामातून थोडं लोह जातं, पाळीतून जातंच. त्यावर जेवण झाल्या झाल्या चहा, म्हणजे आलेलं लोहही अंगी लागत नाही. आणि आमच्या घरात बायका शेवटी जेवतात. कुणी तसं सांगितलेलं नाही, कुणी अडवलेलंही नाही. चालत आलंय. शेवटी बसणारीच्या वाट्याला भाकरी येते, भात येतो, पण कालवणात मटकी खाली उरली असली तर उरली.

कमी खाणं आणि जास्त पळणं या जोडीचा शरीरावर काय परिणाम होतो, त्याला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं नाव दिलं. मराठीत सांगायचं तर ऊर्जेची तूट. पाळी बिघडते, हाडं ठिसूळ होतात, दुखापती वाढतात. खेळाडूंसाठी बनवलेली ती यादी मी वाचली तेव्हा मला आमच्या नात्यातल्या तीन-चार बायका आठवल्या. त्यांच्यातल्या कुणीही बूट घालून पळालेलं नव्हतं.

डॉक्टर बाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, सहा आठवडे आकडा वाढवायचा नाही. पळा, पण ३८ वर थांबा. चहा जेवणानंतर तासाभरानं. आणि जेवण वेळेवर.

यातल्या शेवटच्या गोष्टीला सगळ्यात जास्त धैर्य लागलं. घाट चढण्यापेक्षा जास्त. पहिल्या दिवशी मी मुलाबरोबर साडेसातला ताट वाढून बसले, तेव्हा स्वयंपाकघरात एक विचित्र शांतता होती. नवरा सेकंड शिफ्टला होता. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या आणि मी बसून जेवत होते. आठवडाभर असंच चाललं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. मग एका संध्याकाळी घरी आले तर गुळाचा वास. पातेल्यात अळीव भिजवलेले, परातीत खोवलेला नारळ. अळिवाचे लाडू आमच्याकडे बाळंतिणीला देतात. शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणाल्या, 'काय हो, गोड बातमी का?' सासूबाई म्हणाल्या, 'गोड न्हाई, लांबची बातमी. मुंबईला जायची हाय ती पळत.'

सहा आठवडे ३८, म्हणजे फर्स्ट शिफ्टला त्याहूनही कमी. ज्यांनी कधी वाढत्या आकड्याची चटक अनुभवली आहे त्यांना हे सांगायला नको. ग्रुपवर लोक ५५, ६० टाकत होते. जानेवारी जवळ येत होता आणि मी १.६ किलोमीटरच्या पट्ट्यावर तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहीत होते. मुंबईचं नाव कापायचं का, हे मी दोनदा ठरवून दोनदा बदललं. नोव्हेंबरच्या मध्यावर पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन ११.९. एकोणतीसचा पाढा दोनशे नव्वदपर्यंत पोचायला लागला होता. मग ४२, ४६, ३४. मग ५२.

कालनिर्णयवर ५२ बघून सासूबाईंनी विचारलं, 'हे दुधाचं हाय का?' आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मी म्हटलं, 'आई, आठवड्याभरात पळाले ते किलोमीटर.'

'बावन्न?'

'अजून चौसष्टपर्यंत न्यायचेत.'

त्या थोडा वेळ काड्या वेगळ्या करत राहिल्या. मग म्हणाल्या, 'आमी पान्याला जायचो ते किती व्हत असंल?'

त्यांचं माहेर माण तालुक्यातलं. ललिता बाबर ज्या तालुक्यातली, तोच. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली आणि नंतर रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळालेली ललिता. १९७२ च्या दुष्काळात सासूबाई अकरा वर्षांच्या होत्या. गावाजवळची विहीर आटली, मग दुसरी. पाणी होतं ते दीड किलोमीटरवर. दिवसाला चार खेपा. मी मोबाइल काढला. जाऊन-येऊन तीन, चार खेपांचे बारा, आठवड्याचे चौऱ्याऐंशी.

'चौऱ्याऐंशी, आई.'

'मग?' त्या म्हणाल्या आणि जुडी पुढे ओढली.

चौऱ्याऐंशी. माझ्या सगळ्यात मोठ्या आठवड्यापेक्षा वीस जास्त. त्यातले निम्मे डोक्यावर भरलेला हंडा घेऊन, अनवाणी, आणि उतरता आठवडा कुठेच नाही. लिडियर्डच्या पोरांना निदान संध्याकाळी पोटभर जेवण तरी होतं. मी तेव्हापासून 'मायलेज' हा शब्द जरा जपून वापरते. आपण मोजतो ते किलोमीटर निवडलेले असतात. ते निवडता यावेत म्हणून आधी न निवडलेले किलोमीटर आयुष्यातून जावे लागतात. माझ्या घरात नळाला पाणी येतं, म्हणून माझ्याकडे ६४ आहेत. माणमधल्या, जतमधल्या किती मुली आजही उन्हाळ्यात कळशी घेऊन चालतात, त्यांचं बेस मायलेज कुठल्याच ॲपवर नाही.

हे कळल्यावर पळणं सोडावं असं मला वाटलं नाही. उलट अळीव, मेथी, टपरीवाल्या काकांची मोजणी, रविवारी चार तास मुलाला सायकल शिकवणारा नवरा, हे सगळं त्या आकड्यात आहे हे जास्त स्पष्ट दिसायला लागलं. तुम्ही मायलेज वाढवत असाल तर बूट कुठले घ्यायचे हे विचारालच. त्याआधी एकदा हे बघा की तुमच्या वाढलेल्या दहा टक्क्यांमध्ये घरात कुणाचं काम किती टक्क्यांनी वाढलंय. आणि तुम्ही घरातली शेवटी जेवणारी व्यक्ती असाल, तर आकडा वाढवण्याआधी रक्त तपासून घ्या.

५२, ५८, ४०. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ६४ झाले. त्यातला रविवार तीस किलोमीटरचा, ग्रुपबरोबर, उजेडात, कासच्या रस्त्यावर. तीन तास पंचावन्न मिनिटं लागली. शेवटच्या उतारावर मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि पाढा सोडाच, मला स्वतःचं नाव नीट सांगता आलं नसतं. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि परत बसून तिसरी.

आता टेपर चालू आहे, म्हणजे शर्यतीआधी मुद्दाम कमी करायचे आठवडे. आकडा ४० वर आलाय. पाय ताजे होतायत आणि डोकं बिनकामाचं झालंय. मुंबईत पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात लागतो, दमट हवा असते, आपल्याकडच्या थंडीत पळलेल्यांना ती जड जाते, हे सगळं ऐकून ठेवलंय. काय होईल ते अकरा दिवसांनी कळेल.

नवरा काल सांगत होता, फेब्रुवारीपासून त्यांच्या कंपनीत तीनऐवजी दोन शिफ्ट होणार आहेत. म्हणजे एक आठवडा चढ, एक आठवडा उतार. अशानं वर्षभरात आकडा कुठवर जाईल ते अजून मांडून बघितलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, फर्स्ट शिफ्टचा डबा आठवड्यातून दोन दिवस त्या करतील. मी म्हटलं, मग त्या दोन दिवशी रात्रीची भांडी नवरा घासेल. तो हो म्हणाला आहे.